बर्फातल्या बाईचा तपास

काही तपास अधिकाऱ्याबरोबर निवृत्त होत नाहीत. नोकरीत मी खून पाहिले, दरोडे पाहिले, दंगली पाहिल्या. पण माणसाच्या मनाचा तळ मला दिसला तो एकाच प्रकरणात, आणि ते अजून माझ्या डोळ्यांसमोरून हलत नाही. त्या प्रकरणात मला अटकेचा अधिकार नव्हता, हद्द नव्हती, हाताखाली शिपाई नव्हता, आणि कोपऱ्यावरून दूध आणायला लागणारा गाडीचा परवानाही नव्हता.

२००७ सालचा जानेवारी. मी आणि माझी पत्नी न्यू जर्सीत, वेस्ट विंडसरला मुलीकडे राहिलो होतो. मी उपअधीक्षक म्हणून निवृत्त झालो होतो, पण मुलीच्या मित्रमंडळात मी सरसकट 'पोलीसकाका' होतो. नावे घेत नाही. सगळी मंडळी हयात आहेत आणि सगळी एकाच महाराष्ट्र मंडळाची सभासद आहेत.

या मंडळींत एक गृहस्थ औषध कंपनीत डिरेक्टर होते. त्यांना मी संचालक म्हणेन; त्यांनाही ते आवडेल. माणूस वाईट नव्हता. बढती मिळाल्यावर त्यांना वरिष्ठांनी घरी जेवायला बोलावले, तिथे भिंतीवर जुनी जपानी चित्रे पाहिली, आणि महिन्याभरात संचालकांनी स्वतःसाठी एक घेतले. लाकडी ठशांवरून छापलेले, जुने, अस्सल. चित्रात जपानच्या इतिहासातला एक प्रसंग होता. एका सरदाराला शत्रूने मारले आहे आणि त्याची तरुण बायको तीन मुलांना घेऊन भर हिवाळ्यात पळून चालली आहे. एक मूल छातीशी, झग्याच्या आत. दोघे तिच्या पदराला धरून. डोक्यावर वेताची रुंद टोपी, तिच्यावर बर्फ. चित्र सुंदर होते, हे मला मान्य करावे लागते. त्यातला बर्फ रंगवलेला नव्हताच. भोवती करडा रंग छापून बर्फाच्या जागी कागद कोरा सोडला होता.

हे मला माहीत आहे, कारण संचालकांनी ते मला तीनदा सांगितले. घरी येणाऱ्या प्रत्येकाला ते चित्रासमोर उभे करत, खास लावलेला मंद दिवा पेटवत आणि त्या बाईची कथा सांगत. "काका, विचार करा. एकटी बाई. थंडी. हातात लहान मूल. आणि शी जस्ट कीप्स वॉकिंग." इथे त्यांचा आवाज दाटून येई. मग दिवा बंद होई. उजेडाने असल्या चित्रांचे रंग उडतात, म्हणून त्या दिवाणखान्याचा दक्षिणेचा जाड पडदा चित्र आल्या दिवसापासून बंद होता. न्यू जर्सीच्या हिवाळ्यात ऊन आधीच उधारीवर मिळते. त्या घरात तेही बंद झाले.

माझ्या पोलिसी हकिकती ऐकायला पूर्वी बरे श्रोते जमत. चित्र आल्यापासून ते तिकडे गेले होते. मला त्याचे काही वाटले नाही, असे मी तेव्हा पत्नीला सांगितले होते. ती हसली होती.

संक्रांतीनंतरच्या शनिवारी संचालकांच्या घरी हळदीकुंकू होते. अशा दिवशी तिथे पुरुषांना आणि मुलांना घराबाहेर काढतात. आम्हाला एकाच्या तळघरात नेऊन टीव्हीसमोर बसवले. संध्याकाळी संचालक घरी परतले आणि अर्ध्या तासात आमचा फोन वाजला.

"काका, प्लीज याल का? प्रिंट गेलीय."

जावयाने मला सोडले. घटनास्थळाची पाहणी करताना जुनी सवय जागी झाली. जावयाला मी पंच नेमले, त्याला पंच म्हणजे काय ते आधी समजावले. भिंतीवर सजावटीसाठी कागदी पतंगांची माळ लावलेली होती. संचालकांनी घरी आल्यावर माळ बाजूला केली, तर मागे नुसता खिळा. चौकटीसकट चित्र गायब. खिळा सरळ होता. घाईने ओढलेल्या चित्राचा खिळा वाकतो; हे चित्र कोणीतरी शांतपणे, दोन्ही हातांनी उचलून काढले होते. दाराखिडक्या शाबूत. दिवसभरात येऊन गेलेल्या बायका तिसावर. आणि प्रत्येकीच्या हातात जाताना एक मोठी चपटी पिशवी, कारण त्या वर्षी वाण म्हणून ओव्हनमध्ये ठेवायचे पत्र्याचे रुंद ट्रे दिले होते. चोराला याहून चांगली सोय मी सेवाकाळात पाहिली नाही.

"चित्र नाही हे एकीच्याही लक्षात आलं नाही?" जावयाने मला हळूच विचारले.

मला त्यात नवल वाटले नाही. जी वस्तू पाहणे सक्तीचे असते तिच्याकडे सवड मिळाल्यावर कोणी बघत नाही.

संचालकांची बायको स्वयंपाकघरात उरलेली तिळाची वडी डब्यात भरत होती. शांत बाई, पुण्याची, गणिताची पदवीधर. तिने मला चहा विचारला. मी नको म्हटले. तपासात घाई केली की चहा राहून जातो, आणि बऱ्याचदा चहाबरोबर आणखीही काही राहून जाते.

संचालक येरझाऱ्या घालत होते. "सोमवारी सुटी घेऊन विम्याचं बघतो. मंगळवारी सकाळी मी टाउनशिप पोलिसांकडे जाणार. आणि काका, मला माहितीय कोणाचं नाव द्यायचं."

"कोणाचं?"

त्यांनी आपल्या सर्वांत जुन्या मित्राचे नाव घेतले.

दोघे नागपूरला एकाच वसतिगृहात, एकाच खोलीत राहिलेले. अमेरिकेत आले तेही एकाच वर्षी, एकाच अपार्टमेंट कॉम्प्लेक्समध्ये, दोघांत मिळून एक जुनी गाडी. पुढे संचालक औषध कंपनीत गेले आणि चढत गेले. मित्र संगणकात राहिला. २००१ मध्ये त्या धंद्याचा फुगा फुटला, मित्राची नोकरी गेली, दुसरी मिळाली, पण ग्रीन कार्डाची रांग पुन्हा पहिल्यापासून सुरू झाली. सहा वर्षांनंतरही तो रांगेतच होता. पोलिसांत नाव जाणे म्हणजे काय हे त्याला माझ्याइतकेच ठाऊक होते. तिथे चौकशीला बोलावले एवढ्यानेही माणसाची झोप उडते. वकिलाला फोन करावा लागतो, कंपनीला सांगावे लागते.

"पुरावा?" मी विचारले.

"तो जळतो माझ्यावर. सगळ्यांना माहितीय."

हे कलम भारतीय दंड संहितेत नाही आणि न्यू जर्सीतही नसावे, असे मी म्हणालो. मंगळवारपर्यंत मला वेळ द्या, एवढे मागून घेतले.

रविवारी सकाळी मुलीच्या घरी निनावी फोन आला. एका बाईंनी आवाज बदलून सांगितले, "पोलीसकाका, माझं नाव कुठे येऊ देऊ नका. पण दिवाळी पार्टीत त्या माणसानं चित्राचा चोरून फोटो काढला. मी स्वतः पाहिलं. आणि काल बेसमेंटमधून पिझ्झा आणायला गेला तो किती वेळ गायब होता, विचारा." खबर चांगली होती. फोनच्या डब्यावर बाईंचे नाव आणि नंबरही उमटला होता. त्यांच्या यजमानांची बढती त्याच वर्षी हुकली होती, असे मुलीने सांगितले.

पिझ्झ्याच्या मुद्द्याला साक्षीदार मी स्वतः होतो. तो आला तेव्हा थंडगार होता.

मित्राला मी फोन केला आणि म्हटले, मला इंडियन ग्रोसरीत घेऊन चल, हिंग संपलाय. तो लगेच आला. ठाण्यात संशयिताला बाकावर बसवून ठेवतात आणि बराच वेळ कोणी त्याच्याशी बोलत नाही. निम्मी चौकशी तिथेच होते. अमेरिकेत ही सोय मोटारीत आहे. पट्टा बांधलेला माणूस उठून जाऊ शकत नाही. अडचण एवढीच की पट्टा मलाही बांधलेला होता आणि गाडी संशयित चालवत होता.

तीन सिग्नल मी गप्प बसलो. चौथ्याला तो म्हणाला, "काका, हिंग तुमच्याकडे भरपूर आहे. मागच्या आठवड्यात मीच आणून दिलाय."

"मग विचारू?"

"विचारा ना. सगळे मागून बोलतायत, तुम्ही तरी समोर बोला."

"फोटो का काढलास?"

त्याने गाडी एका बंद बँकेच्या पार्किंगमध्ये घेतली. रचून ठेवलेल्या बर्फाचे काळे पडलेले ढीग समोर होते.

"प्रिन्स्टनला एक आर्ट डीलर आहे. त्याला फोटो दाखवायला. शनिवारी पिझ्झ्याच्या नावाखाली तिकडेच गेलो होतो."

"विकायचा विचार होता?"

"नाही हो काका! मला वाटलं होतं, फेक निघेल. मनापासून वाटत होतं. म्हणजे एकदा, फक्त एकदा, मंडळाच्या पिकनिकला सगळ्यांसमोर सहज म्हणता आलं असतं, यार, तुझी ती प्रिंट जरा चेक करून घे."

"आणि?"

"डीलर म्हणाला, फोटोवरून तरी ओरिजिनल वाटतंय, छाप फार उत्तम आहे, मालकाचं अभिनंदन करा." तो हसला, पण त्यात हसू नव्हते. "मी मांडीवर दोन पिझ्झे घेऊन गाडीत बसलो होतो काका. गरम होते. गार होईपर्यंत बसलो. आम्ही एका खोलीत राहायचो. एक टॉवेल होता दोघांत. त्याला सगळं मिळालं ते मिळालं, चित्रसुद्धा खरंच मिळावं?"

खोटे बोलणारा माणूस स्वतःला इतके लहान करून दाखवत नाही. चोरीची कबुली देणारे मी खूप पाहिले. हेव्याची कबुली देणारा हा पहिलाच. मी त्याला सोडून दिले, म्हणजे त्याने मला घरी सोडले. हिंगाची एक डबी मात्र आणावी लागली.

रविवारी रात्रीच्या जेवणापर्यंत तपास जिथल्या तिथे होता. संशयित निर्दोष, फिर्यादी संतापलेला, मुद्देमाल बेपत्ता. मी पत्नीला म्हटले, "तू तिथे दुपारभर होतीस. काहीच दिसलं नाही?"

"काय दिसणार? ऊन डोळ्यांवर येत होतं. मी खुर्ची दोनदा सरकवली."

"कुठलं ऊन?"

"खिडकीतलं. दिवाणखान्यात. छान वाटलं हो, किती दिवसांनी. सगळ्या जणी म्हणत होत्या."

मी हातातला घास ताटात ठेवला.

"म्हणजे पडदा उघडा होता?"

"मग, ऊन काय भिंतीतून येतं? आम्ही सगळ्यांच्या आधी पोचलो, तेव्हाच उघडा होता." तिने मला आणखी भाजी वाढली. "शनिवारपासून तुम्ही सगळ्या गावाला विचारत फिरताय. मला आत्ता विचारलंत."

त्या घरात चित्र भिंतीवर असताना पडदा उघडण्याची कोणाची प्राज्ञा नव्हती. म्हणजे ज्याने पडदा उघडला त्याला माहीत होते की जपण्यासारखे आता भिंतीवर काही नाही. आणि पहिली पाहुणी येण्याआधी त्या घरात पडदा उघडायला एकच माणूस होता.

सोमवारी दुपारी मी संचालकांच्या घरी गेलो. संचालक वरच्या खोलीत विमा कंपनीला फोन करत होते. त्यांची बायको धुण्याच्या खोलीत कपड्यांच्या घड्या घालत होती. तिथे कपडे वाळवायच्या यंत्रावर तुळशीची कुंडी होती. काड्या राहिल्या होत्या. पान एक नव्हते.

"ही कधी गेली?" मी विचारले.

"नोव्हेंबरात. आठ हिवाळे जगवली होती काका. त्याच साउथच्या खिडकीत ठेवायचे. पडदा बंद झाला, तिला इथे आणली. इथे ट्यूबलाइट आहे." तिने एक टॉवेल नीट चौकोनी केला. "चहा टाकू?"

"आज घेतो."

चहा समोर आल्यावर मी म्हणालो, "शनिवारी ऊन छान आलं होतं म्हणे दिवाणखान्यात."

ती जराही दचकली नाही. उलट खांदे सैल झाले. बराच वेळ उभ्या असलेल्या माणसाला खुर्ची मिळाल्यावर होतात तसे.

"मला वाटलं, रात्रीच कळेल सगळ्यांना," ती म्हणाली. "काका, त्यानं तुम्हाला विचारलं, विम्यावाल्यांना विचारलं, उद्या पोलिसांना विचारेल. मला विचारलंच नाही. विचारलं असतं तर सांगितलं असतं."

"कुठे आहे?"

"वाणात दिलं. ट्रेच्या खाली घालून." आणि तिने मित्राच्या बायकोचे नाव घेतले.

मग तिने सांगितले ते मी माझ्या शब्दांत जबाबासारखे लिहितो. अमेरिकेत आल्या वर्षीचा पहिला हिवाळा. दोघींचे नवरे कामावर, एकच गाडी, ती नवऱ्यांकडे. दोघींना काम करायची परवानगी नाही, गाडीचा परवाना नाही. संचालकांचा मुलगा तेव्हा दीड वर्षाचा. एके दिवशी बाहेर बर्फ पडत होता आणि मुलाला ताप चढला. नवऱ्याचा फोन लागला तेव्हा तो म्हणाला, मीटिंग आहे, संध्याकाळी बघू. तिने शेजारचे दार ठोठावले. मित्राच्या बायकोने स्वतःचा कोट काढून मुलाला गुंडाळले, त्याला आपल्या छातीशी घेतले आणि दोघी हमरस्त्याच्या कडेने डॉक्टरांच्या क्लिनिककडे चालत निघाल्या. तिथे पदपथ नव्हता, अजूनही नाही. साध्या चपला होत्या.

"आणि तो रोज लोकांना सांगतो," ती म्हणाली, "एकटी बाई, थंडी, हातात लहान मूल. डोळ्यांत पाणी येतं त्याच्या. आठशे वर्षांपूर्वीच्या बाईसाठी! मला राग नाही यायचा काका. जळफळाट व्हायचा. कागदाच्या बाईवर. तिच्यासाठी पडदा बंद, तिच्यासाठी दिवा. मी त्या काळोखात बसून भाजी निवडायची."

"मग फेकून नाही दिलंस?"

"का फेकू? गोष्ट खरीच आहे. फक्त जिची आहे तिला दिली."

जिन्यावर पावले वाजली. संचालक फोन हातात घेऊन उभे होते. किती ऐकले ते विचारण्याची गरज नव्हती. चेहरा पुरे होता.

"तू मला हे कधी सांगितलं नाहीस," ते म्हणाले.

"तू तिची गोष्ट सांगत असायचास. मध्ये कशी बोलणार?"

मग संचालकांनी, ज्यांना प्रत्येक खोलीत बोलायला काहीतरी सुचते, फोन खिशात ठेवला आणि विचारले, "कोणत्या रस्त्यानं गेला होतात तुम्ही?"

तिने सांगितले. ते त्याच रस्त्याने रोज ऑफिसला जात.

संध्याकाळी आम्ही तिघे मित्राच्या घरी गेलो. मित्राची बायको दारात आली आणि आम्हाला पाहून गोंधळली. तिला काहीच माहीत नव्हते. शनिवारच्या यजमानीणबाई, म्हणजे संचालकांच्या पत्नी, "घरी जाऊन उघड" म्हणाल्या होत्या खऱ्या. पण संक्रांतीच्या दिवसांत तिला मिळालेला हा कितवा तरी ट्रे होता, आणि वाण घरी नेऊन उघडून पाहायची पद्धत नाही. पुढच्या वर्षी कोणाला तरी देता यावे म्हणून ते आहे तसे ठेवतात. आणखी वर्षभर मी तिथे गेलो नसतो तर ती जपानी बाई कदाचित सबंध न्यू जर्सी फिरली असती.

"कुठे ठेवलंस?" यजमानीणबाईंनी विचारले.

"अगं, गाडीतच आहे. ट्रंकमध्ये. काढायचं राहिलंय."

म्हणजे रविवारी मी मित्राची उलटतपासणी घेत होतो तेव्हा मुद्देमाल माझ्या पाठीमागे हातभर अंतरावर होता. हे मी मंडळातल्या कोणाला सांगितलेले नाही. इथे पहिल्यांदाच लिहितो आहे.

डिकी उघडली. ट्रेखाली चौकट होती. काचेवर, बरोबर त्या बाईच्या कपाळावर, हळदीचे आणि कुंकवाचे बोट उमटलेले होते. ठसे उठवायला पावडर लागते. इथे पावडर आधीच लावलेली होती. चित्रातल्या बाईचा नवरा मारला गेलेला आहे, हे यजमानीणबाईंना शंभरदा ऐकून पाठ होते. तरीही त्या दिवशी घरी आलेल्या प्रत्येक बाईला लावले तसे त्यांनी तिलाही लावले होते.

मित्राच्या बायकोने चित्र पाहिले, मग मैत्रिणीकडे पाहिले. "त्या दिवशी तुझ्या पोरानं माझ्या स्वेटरवर ओकलं होतं," एवढेच म्हणाली, आणि दोघी गॅरेजमध्ये उभ्या राहून हसत सुटल्या. डोळे पुसावे लागेपर्यंत.

संचालक माझ्या कानाशी आले. "काका, परत मागता येईल का?"

"वाण आहे," मी म्हणालो. "फिर्याद कोणाविरुद्ध देणार?"

त्यांनी मित्राकडे पाहिले. मित्र चित्राकडे पाहत होता, लग्नात वाढताना आपल्या पानावर चुकून दुसरी जिलबी पडलेल्या माणसासारखा.

"ओरिजिनल आहे रे," संचालक म्हणाले.

"माहितीय," मित्र म्हणाला. "मी चेक केलंय."

प्रकरण दप्तरी दाखल झाले. मंगळवारी पोलिसांकडे कोणी गेले नाही. दोन वर्षांनी मित्राचे ग्रीन कार्ड आले, त्याचा या तपासाशी संबंध नाही. संचालकांच्या दिवाणखान्याचा पडदा उघडा असतो आणि खिडकीत नवी तुळस आहे. मुलगी सांगते की बरी चालली आहे. हिवाळ्यात जरा मलूल होते, पण ते तिथे सगळ्यांचेच होते.

या प्रकरणाने मला काय शिकवले? गुन्ह्याच्या कागदांत हेतूच्या जागी आम्ही लोभ, सूड, पूर्ववैमनस्य असे शब्द लिहीत आलो. हेवा कधी लिहिला नाही, कारण तो सिद्ध करता येत नाही आणि कोणी कबूल करत नाही. त्या आठवड्यात मात्र मला ज्याच्या त्याच्या खिशात तोच सापडला: वरिष्ठांच्या भिंतीवर जळून चित्र घेणारा, ते खोटे निघावे म्हणून गाडी काढणारा, निनावी फोन करणारी, आणि श्रोते गेले म्हणून खट्टू झालेला एक निवृत्त अधिकारीही. चौघांपैकी कोणालाही ते चित्र नीट दिसले नव्हते. पाचवीला दिसले होते, आणि तिनेच ते देऊन टाकले.

त्या संध्याकाळी निघताना संचालकांनी मित्राला कळकळीची एकच विनंती केली होती: काही कर, पण उजेड लागू देऊ नकोस. मित्राने ती तंतोतंत पाळली. त्याच्या घरात खिडकी नसलेली खोली एकच आहे. संचालकांना चित्र पाहावेसे वाटले की आता आधी दार ठोठावून आत कोणी नाही ना, याची खात्री करून घ्यावी लागते.